आजी-पणजीच्या काळी माणसे खरोखरच अधिक निरोगी होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या ताईंच्या आजी नव्वदीच्या घरात आहेत, आपले सगळे आपण करतात आणि त्यांना आजवर कसलीही गोळी रोज घ्यावी लागलेली नाही. उलट ताईंच्या वडिलांना चाळिशी ओलांडताच मधुमेह झाला आणि भावाला पस्तिशीतच रक्तदाबाचे औषध सुरू झाले. आजींचे म्हणणे असे की त्यांच्या काळी माणसे काटक होती, अन्न निर्भेळ होते आणि दवाखान्याची पायरी कोणाला ठाऊक नव्हती. हे खरे असेल, तर आपण पुढे आलो की मागे गेलो, आणि घरात नुकत्याच जन्मलेल्या मुलीला जुन्या वळणानेच वाढवावे का, असे ताईंनी विचारले आहे.

मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावी तीन दशकांहून अधिक काळ फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि त्याआधी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली आहे. माझे मत आधीच सांगतो. तीन-चार पिढ्यांपूर्वीचे जीवन आजच्यापेक्षा पुष्कळच कठीण होते. मुलांसाठी आणि बाळंतिणींसाठी तर ते इतके धोक्याचे होते की आज त्याची कल्पना करणेही आपल्याला जड जाते. काही गोष्टी त्या काळी खरोखर चांगल्या होत्या आणि त्या गमावल्याची किंमत आपण मोजत आहोत, हेही तितकेच खरे आहे. पण या दोन गोष्टींचे वजन सारखे नाही, आणि ते सारखे असल्यासारखे बोलणे मला एक डॉक्टर म्हणून प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आजी खोटे बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिले तेच त्या सांगतात. अडचण अशी आहे की ज्यांनी वेगळी साक्ष दिली असती ती माणसे आज सांगायला उरलेली नाहीत. आजींसमोर बसून विचारा की त्या एकूण किती भावंडे होत्या, त्यांपैकी किती जण मोठे झाले, आईला किती बाळंतपणे झाली आणि घरातली कोणती बाई बाळंतपणात गेली. रुग्णाच्या कुटुंबाचा इतिहास घेताना हे प्रश्न मी वयस्क माणसांना नेहमी विचारतो. ‘आम्ही नऊ, त्यातले पाच जगलो’ अशा प्रकारचे उत्तर इतक्या सहजपणे येते की बाजूला उभा असलेला नातू चमकून पाहतो, कारण घरात हे त्याने कधी ऐकलेले नसते. लहानपणी गेलेल्या भावंडांचे फोटो नसतात, नावे विसरलेली असतात, आणि घराच्या आठवणीत फक्त नव्वदी गाठलेली आजी उरते.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. हा ३२ चा आकडा पुष्कळ लोक चुकीचा समजतात. माणसे तिशीत म्हातारी होऊन मरत होती असा त्याचा अर्थ नव्हे. हिशेबासाठी त्या काळच्या एका कल्पित घरातली दहा भावंडे घेऊ. तीन मुले वर्षाच्या आत गेली, एक चौथ्या वर्षी देवीच्या रोगाने गेले, एक बहीण बाविसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, एक भाऊ पस्तिसाव्या वर्षी प्लेगात गेला आणि उरलेले चौघे अनुक्रमे ५५, ६०, ७० आणि ८५ वर्षे जगले. या दहा जणांच्या आयुष्याची सरासरी काढली तर ती सुमारे ३३ वर्षे येते. नातवंडांनी पाहिलेला मात्र फक्त तो ८५ वर्षांचा आजोबा असतो, आणि त्यांच्या मनात ‘पूर्वीची माणसे’ म्हणजे तो एकटा आजोबा असतो. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ पर्यंत, म्हणजे १०४ वर्षे जगले. असे दीर्घायुषी लोक तेव्हाही होतेच. पण ते त्या काळाचे प्रतिनिधी नव्हते, त्या काळातून निभावून निघालेले होते.

अर्भकमृत्यूचे आकडे याहून बोलके आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. १९७१ सालीही हे प्रमाण हजारी १२९ होते. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार ते देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होते. आजींच्या जन्माच्या वेळी जी गोष्ट घरोघर घडत होती, ती आज एखाद्या घरात घडली तर सगळे गाव हळहळते आणि ‘हे का झाले’ असा जाब विचारला जातो. असा जाब विचारावासा वाटणे हीच मला गेल्या शंभर वर्षांतली फार मोठी कमाई वाटते.

ज्यांना आकड्यांवर विश्वास बसत नाही त्यांनी आपल्या गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ते, एकदा उघडून पाहावे. अलीकडे जातीच्या नोंदी शोधण्यासाठी ही मोडी लिपीतली बुके तहसील कचेऱ्यांतून बाहेर काढली गेली आणि हजारो कुटुंबांनी आपल्या पणजोबांची नावे त्यांत पाहिली. त्याच पानांवर मृत्यूची नोंदही असते. वयाच्या रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी वर्षाच्या आतली आणि पाच वर्षांच्या आतली मुले किती होती ते दिसते, आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘ताप’ एवढाच शब्द असतो. त्या एका शब्दात हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, क्षय असे कितीतरी आजार दडलेले आहेत. तेव्हा ‘आमच्या काळी असले आजार नव्हते’ या वाक्याचा अर्थ अनेकदा ‘आमच्या काळी आजारांना नावे नव्हती’ एवढाच असतो.

गावची दैवतेही हेच सांगतात. मरीआईचे ठाणे गावाच्या शिवेवर का असते आणि पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शेजारच्या गावाच्या हद्दीत का नेऊन सोडत, हे साथीच्या भीतीशिवाय समजत नाही. शीतळादेवीला दहीभात देवींच्या तापासाठी होता. श्रावणातल्या शुक्रवारी भिंतीवर जिवतीचा कागद लावून आया जी पूजा करत आल्या, ती मुले जगावीत एवढ्याच मागण्यासाठी होती. ज्या घरात एकामागून एक मुले गेली, तिथे पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम दगडू, धोंडू किंवा केरबा ठेवत, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडणार नाही. आजही आपल्या वंशावळीत असे एखादे नाव सापडले, तर त्याच्या आधीच्या ओळीत न लिहिलेली दोन-तीन मुले असण्याचा संभव मोठा आहे.

सटवाईच्या पूजेबद्दल मला वैद्यकीय अंगाने थोडे अधिक लिहायचे आहे. बाळ जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी नशीब लिहिते अशी समजूत आहे, आणि ही रात्र जागून काढण्याची रीत आहे. नवजात बाळाचा धनुर्वात नेमका याच दिवसांत, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत प्रकट होतो. घरातल्या विळ्याने नाळ कापली आणि जखमेवर राख किंवा शेण लावले की त्यातून जंतू शिरत. चार-पाच दिवस चांगले असलेले बाळ अचानक दूध ओढेनासे होई, जबडा आवळला जाई, अंग ताठून धनुष्यासारखे होई आणि मग फारसे कोणी वाचत नसे. ती रात्र भयाची का होती हे मला पुस्तकातून कळले नाही. सरकारी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशी बाळे मी स्वतः पाहिली आहेत. गरोदर बाईला धनुर्वाताची लस, नाळ कापायला निर्जंतुक पाते आणि दवाखान्यातले बाळंतपण एवढ्या तीन साध्या गोष्टींनी हा आजार हटला, आणि २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांनी या आजाराचे एकही बाळ पाहिलेले नसते. देवीचा आजार देशात १९७५ नंतर झाला नाही, नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आणि पोलिओचा २०११ साली नोंदला गेला. विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या माणसाच्या पायातून हातभर लांब नारू काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या काळच्या ‘शुद्ध पाण्या’बद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

साथींचे वर्णन मी थोडक्यातच करतो, कारण ते इतिहासात पुष्कळ आले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची काही वर्षे तो गावोगाव फिरत राहिला. सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून आत शिरला आणि त्याने देशात कोटीहून अधिक माणसे नेली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या गणनेपेक्षा कमी भरली, असे त्या आधी किंवा नंतरच्या कोणत्याही दशकात झालेले नाही. कोविडच्या दोन वर्षांत आपण जे सोसले ते कमी नव्हते, पण वर्षाच्या आत लस हाती आली ही गोष्ट आपल्या पणजोबांना खरी वाटली नसती.

बायकांच्या आयुष्याकडे वळल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही, कारण ‘जुना काळ चांगला’ हे वाक्य मी पुरुषांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकतो तितके म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ऐकत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण त्यातला तपशील पुन्हा पाहण्यासारखा आहे. १८६५ साली जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि दहा दिवसांत बाळाचा मृत्यू. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, क्षयाने त्या पुण्यात गेल्या. लग्न, बाळंतपण, मुलाचा मृत्यू आणि क्षय हे त्या काळच्या हजारो मुलींच्या वाट्याला आले. फरक एवढाच की आनंदीबाईंचे नाव आपल्याला माहीत आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा एवढ्याशा बदलावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! सहा-सात बाळंतपणे, त्यांच्या मधल्या काळात कधीच भरून न निघणारी रक्ताची कमतरता, पहाटे जात्यावरचे दळण, चुलीच्या धुरात अर्धा दिवस आणि डोक्यावरून पाणी, अशा आयुष्याला ‘व्यायाम आपोआप होत होता’ असे म्हणणे मला पटत नाही. जात्यावरच्या ओव्या सुंदर आहेत, पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जाते सोडवत नाही म्हणणारी बाई मला भेटलेली नाही.

हे दुःख किती मुके होते ते डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत केलेल्या पाहणीतून जगाला कळले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली गेली आणि १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास असल्याचे आढळले. याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ होत्या. ‘दवाखान्याची पायरी कोणाला ठाऊक नव्हती’ या वाक्याची दुसरी बाजू ही आहे. पायरी चढली नाही याचा अर्थ दुखणे नव्हते असा होत नाही. पाठ दुखते, अंगावरून जाते, कमरेत कळ येते, हे बाईच्या जातीला असायचेच असे धरून बायका मरेपर्यंत काम करत राहिल्या. माता मृत्यूचे प्रमाण महाराष्ट्रात २०१८ ते २० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आले होते आणि दवाखान्यात होणारी बाळंतपणे शंभरात ९४ च्या वर गेली आहेत. आजींच्या तरुणपणी बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली, बाज, शेगडी आणि नशीब.

आणि जुना काळ कोणाचा, हेही विचारायला हवे. गावच्या विहिरीवर ज्यांना हात लावू दिला जात नव्हता त्यांच्यासाठी पिण्याचे पाणी म्हणजे दुसऱ्याने दयेने ओतलेली घागर किंवा ओढ्याचे डबके होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह केला तो माणुसकीच्या हक्कासाठी होता. पण डॉक्टरच्या दृष्टीने पाहिले तर पटकी, हगवण आणि विषमज्वर यांच्यापासून वाचण्याचा हक्कही त्या ओंजळीत होता. ज्यांच्या घरी स्वतःची विहीर होती त्यांच्या आठवणी आणि ज्यांना तिच्यापासून दूर उभे केले जात होते त्यांच्या आठवणी एकच असणार नाहीत.

अन्नाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. रासायनिक खत नव्हते हे खरे, पण पोटभर अन्नही नव्हते. देशावरच्या बहुतेक शेतकरी घरांत गव्हाची पोळी आणि भात हे सणासुदीचे अन्न होते. रोजचे जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, एखादे कोरड्यास, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस धान्य संपत आले की कण्या किंवा हुलग्याचे माडगे. घरचे दूध-तूप पुष्कळदा मुलांच्या पोटात जाण्याऐवजी बाजारात जाई. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. १९७२ चा दुष्काळ तितकाच भीषण होता, पण त्यात भूकबळींचे तसे तांडव झाले नाही, कारण यावेळी सरकारने गावोगाव कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातले सुमारे ५० लाख लोक अशा कामांवर होते. पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडून, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी आणि सुकडी खाऊन ती पिढी जगली. माझ्याकडे येणारे सत्तरीतले शेतकरी त्या मिलोच्या लाल भाकरीची आठवण तोंड वाकडे करून सांगतात, पण सांगायला ते आहेत. त्यांच्या पणजोबांच्या दुष्काळात सांगायला फार जण उरले नव्हते. दोन्ही दुष्काळांत पाऊस सारखाच रुसला होता. बदलली होती ती माणसांनी उभी केलेली व्यवस्था, आणि याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला.

ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो आहे, कारण ‘काळ सुधारला’ असे म्हणताना काळाने काहीच केलेले नाही हे आपण विसरतो. कोकणात लाल विंचू चावला की रात्रीतून धडधाकट मुले जात. दंशाने गंभीर झालेल्यांपैकी शंभरात तीस-तीस दगावत. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्ण रात्र-रात्र जागून तपासले, विषाचा परिणाम हृदयावर कसा होतो ते टिपले आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर चालते हे दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. त्याआधी मांत्रिक होता आणि देवावर हवाला होता.

आता आजींच्या म्हणण्यातल्या खऱ्या भागाकडे येतो. मधुमेह आणि रक्तदाब खरोखरच वाढले आहेत. मधुमेह तेव्हा नव्हताच असे मात्र नाही. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता आणि मंडालेच्या तुरुंगात केवळ आहारावर कडक बंधने घालून त्यांना तो आटोक्यात ठेवावा लागला, कारण इन्शुलिनचा शोध त्यांच्या मृत्यूनंतर लागला. पण तेव्हा तो मूठभर लोकांचा, बहुधा शहरी आणि बैठ्या कामाच्या लोकांचा आजार होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आज प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि शंभरात पस्तीस जणांना उच्च रक्तदाब आहे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात पूर्वी ज्या शेतकऱ्याला खोकला आणि ताप असे, त्याच्याच मुलाला आता साखर असते. चालणे संपले, मोटारसायकल अंगणातून बांधापर्यंत गेली, ताटातली ज्वारी कमी होऊन पॉलिशचा तांदूळ, मैदा, साखर आणि तळणाचे तेल आले, झोप मोबाइलने खाल्ली. या बाबतीत आजींचे जगणे आपल्यापेक्षा चांगले होते हे मी विनाअट मान्य करतो.

पण ताईंच्या वडिलांच्या मधुमेहाचे मूळ केवळ त्यांच्या खाण्यात शोधू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा १९९३ पासून अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोच्या आसपास हलकी होती. पण ही कमतरता स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांमध्ये होती, त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली होती. ही दिसायला किरकोळ पण आतून चरबी धरून ठेवणारी ठेवण मोठेपणीही टिकते. डॉ. याज्ञिकांनी स्वतःची आणि एका ब्रिटिश डॉक्टरांची तुलना प्रसिद्ध केली होती : दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. या संशोधनातून मला पटलेला अर्थ असा की पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी वाढलेले शरीर तुटवड्यासाठी घडते, आणि त्याच शरीरासमोर एका पिढीत भरलेले ताट आले की त्याला ते पेलत नाही. म्हणजे ज्या काळाची आपण निरोगी म्हणून आठवण काढतो, त्याच काळच्या भुकेचा वाटा आजच्या मधुमेहात आहे. जुना काळ आणि नवा काळ असे दोन वेगळे डबे करून त्यांची तुलना करणे म्हणूनच मला अपुरे वाटते.

काही गोष्टी निखालस बिघडल्या आहेत आणि त्या शरीरापुरत्या नाहीत. सोनोग्राफीचे यंत्र आईचा जीव वाचवण्यासाठी आले आणि त्याचाच वापर मुलींना गर्भात मारण्यासाठी झाला. महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली १९९१ साली ९४६ होत्या, २०११ साली ८९४ झाल्या आणि बीड जिल्ह्यात हा आकडा ८०७ पर्यंत खाली गेला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा करणाऱ्या राज्यात हे घडले आणि त्यात माझ्या व्यवसायातल्या माणसांचा हात होता, याची मला मनापासून लाज वाटते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या हीदेखील गेल्या काही दशकांतली जखम आहे. आणि एकटेपण : पुण्याला किंवा परदेशात मुले असलेले, मोठ्या घरात दोघेच किंवा एकटेच राहणारे वृद्ध मला दर आठवड्याला भेटतात, ज्यांच्या तपासण्या सगळ्या व्यवस्थित असतात आणि तरीही ते बरे नसतात. एकत्र कुटुंबात सुनांचा जाच होता हे मी विसरलेलो नाही, पण तिथे म्हाताऱ्या माणसाला हाक मारायला कोणीतरी होते. यावर माझ्याकडे औषध नाही. अशा रुग्णांना मी भजनी मंडळात, वाचनालयात किंवा पारावर रोज जायला सांगतो, आणि त्याचा उपयोग गोळीपेक्षा अधिक होताना पाहिला आहे.

शिवाय जे सुधारले ते सर्वांपर्यंत पोहोचले असेही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली, आणि विशी-पंचविशीतल्या जवळजवळ २२ टक्के तरुणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झालेले होते. मेळघाटात किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर आजही अशी घरे आहेत जिथे आजींचा काळ संपलेला नाही.

राहिला बाळाला जुन्या पद्धतीने वाढवण्याचा प्रश्न. आजींकडून पुष्कळ घेण्यासारखे आहे : तेलाचा हलका मालिश, आईच्या कुशीतली झोप, सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, मऊ खिचडी आणि ज्वारीची दुधात कुस्करलेली भाकरी, मोठेपणी अंगणात खेळणे आणि रात्री लवकर निजणे. यातले काहीही दुकानातल्या डब्यापेक्षा कमी प्रतीचे नाही. काही गोष्टी मात्र आजींच्या मायेने सांगितलेल्या असल्या तरी करू नयेत. चिकाचे दूध पिळून टाकू नका. बाळाच्या पहिल्या तासात त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. पहिले सहा महिने मध, गुळाचे पाणी आणि बाळगुटी नको, केवळ अंगावरचे दूध द्या. डोळ्यांत काजळ, बेंबीवर राख किंवा हळद, सर्दी झाली म्हणून छातीवर बिब्बा, पोट फुगले म्हणून डाग, हे सगळे मी जखमा, जंतुसंसर्ग आणि भाजलेली कातडी या रूपात पाहिले आहे.

ताई, तुम्ही स्वतः बाळंतीण आहात असे तुमच्या पत्रावरून दिसते. तेव्हा तुमच्या ताटाकडेही लक्ष द्या. पुण्याच्याच अभ्यासात शाकाहारी घरांतल्या पुष्कळ गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती आणि तिचा संबंध मुलांच्या पुढच्या मधुमेहाच्या प्रवृत्तीशी दिसला होता. दूध, दही, चालत असतील तर अंडी रोज खा, लोहाच्या गोळ्या अर्ध्यात सोडू नका, आणि एकदा रक्तातले ब-१२ तपासून घ्या. घरात मधुमेह आहे म्हणून तुमची आणि भावाची साखर वर्षातून एकदा पाहिली जावी. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर दीड महिन्याची, अडीच महिन्यांची आणि साडेतीन महिन्यांची तारीख लिहून घ्या, आणि त्या दिवशी शक्य असेल तर आजींना बरोबर न्या. लस टोचायला रांगेत बसलेली इतकी मुले एका ठिकाणी त्यांच्या लहानपणी कोणी पाहिली नव्हती.